खाल्ल्या मिठाला जागणारी गाडी

साखरपुडा सकाळी अकराला कोल्हापुरात होता आणि नंदनची गाडी तिसऱ्यांदा फाटकातून मागे वळून शेजारच्या शेवंताकाकींच्या अंगणात उभी राहिली. मुलाची स्वतःची गाडी हवी, एवढीच सासऱ्यांची अट होती.

काकी टोपलीतल्या बांगडा माशांना मीठ चोळत होत्या.

गाडीवरचा गंजरोधक लेप जिवंत होता. तो मीठ खायचा आणि पत्रा सांभाळायचा. 'खाल्ल्या मिठाला जागणारा', असं जाहिरातीत होतं. नंदनला ती नुसती म्हण वाटली. वर्षभर त्याने सावली बघून गाडी इथेच, काकींच्या मिठाच्या पिंपाशेजारी लावली. आता त्यांचं मीठ खाऊन लेप स्टिअरिंगपर्यंत पोचला होता आणि गाडी तोच वळवत होता.

"काकी, तिला जायला सांगा ना."

"सांगलंय. आयकणा नाय."

शेवटी वैतागून त्याने काकींनाच टोपलीसकट पुढे बसवलं. गाडी मुकाट निघाली.

हॉलच्या दारात सासऱ्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "समुद्राकाठची असून गंजाचा ठिपका नाही. जावईबापू, गाडी तुमचीच ना?"

नंदनने 'हो' म्हणायला तोंड उघडलं.

"खरा काय ता सांग," काकी काच खाली करून म्हणाल्या. "गाडी आयकता."