लुगड्यातली चाल

टेक पहिला. लुगडं नेसलेला मुकुंदराव घागर कडेवर घेऊन अंगणातून चालत गेला. कुणीच हसलं नाही.

"अहो, विनोदी सिनेमा आहे हा!" दिग्दर्शक ओरडले. "घरमालकिणीला फसवायला गड्यानं बाईचं सोंग घेतलंय. तुम्ही तर खरीच बाई वाटता. लोक हसणार कशाला?"

मुकुंदराव गोंधळला. नाटक कंपनीत बारा वर्षं त्यानं नायिका रंगवल्या होत्या. तिथं चालीत जरा पुरुष दिसला की मास्तर पोटरीवर छडी मारत. कंपनी बुडाल्यावर मिळालेलं हे पहिलंच काम होतं.

टेक चौथा. त्यानं ढांगा टाकल्या, पण हात आपोआप पदराकडे गेला.

टेक नववा.

"पुरुषासारखं चाला हो!"

"म्हणजे कसं?" त्यानं खरंच विचारलं.

दिग्दर्शकांनी हात जोडले. "सोडा ते लुगडं. उद्या दुसरा नट बोलावतो."

मुकुंदराव धोतर नेसून, पिशवी उचलून फाटकाकडे निघाला. अंबाडा आणि कुंकू काढायचं रागात राहूनच गेलं. कोपरं बाहेर, पावलं फेंगडी.

आधी लाइटवाले हसले, मग मेकअपवाला. दिग्दर्शक धावतच आले. "अहो, हीच! हीच चाल पाहिजे मला! चला, लुगडं नेसा."

"पण दादा, ही तर माझी नेहमीचीच चाल," तो चाचरत म्हणाला.

हशा आणखी वाढला. कॅमेऱ्याकडे परत जायला आधी कोणता पाय उचलावा, तेच मुकुंदरावाला कळेना.