लाल ठिपका

सातव्या महिन्यातच जन्मलेल्या लेकीला मांडीवर घेऊन आई पडद्यासमोर बसली.

"पडद्याच्या एका बाजूला काळ्या-पांढऱ्या पट्ट्या येतील," तपासणाऱ्या बाई म्हणाल्या. "कॅमेरा तिचे डोळे टिपेल. ती जिथे बघेल, तिथे या मॉनिटरवर लाल ठिपका उमटेल."

पट्ट्या आल्या. ठिपका उमटला नाही. पट्ट्या दुसऱ्या बाजूला गेल्या, तरीही नाही.

"दिसत नाही का हो तिला?"

"तुमची मांडी थरथरतेय, ताई. कॅमेऱ्याला डोळेच सापडत नाहीयेत."

"ऊठ बघू तू. उगाच घाबरतेस," म्हणत नवरा पुढे झाला. सकाळपासून तो एकटाच हसत-बोलत होता. त्याने लेकीला मांडीवर घेतलं. ठिपका येईना.

"दादा, तुम्हीही थरथरताय."

बायको शेजारी खाली बसली आणि तिने त्याचा गुडघा दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला. मांडी थांबली. आता ठिपका आला नाही, तर दोष द्यायला काहीच उरणार नव्हतं.

पट्ट्या पुन्हा आल्या. मॉनिटरच्या कोपऱ्यात ठिपका उमटला, जरा रेंगाळला आणि सरळ पट्ट्यांवर जाऊन बसला. बाईंनी पट्ट्या दुसरीकडे नेल्या. ठिपका मागोमाग गेला.

"अरे, बघतेय ती!" बायको म्हणाली.

"कुठे? मला काहीच दिसत नाहीये," तो म्हणाला. लेकीला धरलेल्या हातांनी त्याला डोळे पुसता येत नव्हते.