मागच्या सीटवरचा दोस्त

"दोन्ही विमानं गिरकीतून सारखीच सावरतात," घारपुरेने निवड समितीला ठणकावून सांगितलं.

रणदिवे त्याच्या तोंडाकडे बघतच राहिला. वायुदलातल्या शिकाऊ वैमानिकांसाठीची ती दोन्ही जेट विमानं त्यांनी जोडीनेच उडवून पाहिली होती. परवा दुसरं विमान काही केल्या गिरकी सोडेना, तेव्हा मागच्या सीटवरून "रण्या, गेलो रे आपण!" असं हाच ओरडला होता. उतरल्यावर "यात पोरं हकनाक मरतील," म्हणणाराही हाच.

समितीने नेमकं तेच विमान पसंत केलं.

जिन्यात रणदिवेने त्याचा दंड धरला. "अरे, तुझी लेक यंदा याच विमानावर शिकणार ना?"

"नाही." घारपुरेने अलगद दंड सोडवून घेतला. "तिला कालच हेलिकॉप्टरकडे वळवलं."