पायवाटेवरचा नमस्कार

स्वित्झर्लंडमधल्या त्या दरीत पायवाटेवर समोरून येणारा प्रत्येक अनोळखी माणूस हसून हॅलो म्हणायचा. बाबांना ही पद्धत फारच आवडली. सकाळपासून ते सगळ्यांना हात जोडून "नमस्कार!" म्हणत होते.

झऱ्यावरून बाटल्या भरून मी परतलो. आई-बाबा बाकावर बसले होते. मला पाहताच बाबांनी हात जोडले. "नमस्कार! कुठून आलात?"

मी हसलो. बाबा पहिल्यापासूनच चेष्टेखोर. मग आईकडे पाहिलं. ती हसत नव्हती. नुसतीच बुटाची नाडी सोडत-बांधत होती. मला काहीच कळेना.

"साताऱ्याहून," मी चाचरत म्हणालो.

"अरे वा!" बाबांनी सरकून मला जागा करून दिली. "आम्हीपण साताऱ्याचेच. बसा ना. आमचा मुलगा पाणी आणायला गेलाय, येईलच इतक्यात."