चव

"दादाच्या हातचं कॉकटेल नसेल तर माझ्या प्रमोशनची पार्टी कसली, वहिनी?" धाकटा दीर म्हणाला. गेल्या दिवाळीपासून माझा नवरा दारूला शिवला नव्हता, हे त्याला ठाऊक होतं.

"करतो की. मी प्यायलाच पाहिजे असं थोडंच आहे?" नवरा हसून म्हणाला.

त्याने जगमध्ये अननसाचा आणि संत्र्याचा रस ओतला, मापाने व्होडका घातली, लिंबू पिळलं. मी ओट्याची कड धरून बघत होते. ढवळून झाल्यावर, आमटीची चव बघावी तसं त्याने चमचाभर तळहातावर घेतलं. निव्वळ सवयीने. हात ओठांपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"अरे, एवढ्याशाने काय होतंय!" दीर म्हणाला.

मी अडवलं असतं, तर तो निर्णय त्याचा राहिला नसता.

नवऱ्याने तळहात माझ्यापुढे धरला. "तू सांग गं. साखर हवी का?"

मी आजवर दारू चाखलेली नव्हती. दिरासमोरच वाकून मी त्या तळहाताला ओठ लावले.

"हवी," मी म्हणाले. "थोडीशीच."