चौथं पाणी

तिने छोट्या बनियनची कड जिभेला लावली, तेव्हा सेल्समन नकळत एक पाऊल मागे सरकला.

"पावडर राहिलीय," ती म्हणाली. "जीभ चुरचुरते. बघ."

सोबतच्या चष्मेवालीने बनियन हातात घेतलं, कुणी बघत नाही ना याची खात्री केली आणि जीभ टेकवली. तोंड वाकडं झालं. "शी! हो ताई. साबणाची वडीच चाटल्यासारखं वाटतंय."

"हेच दिवसभर त्याच्या अंगाला."

तो, म्हणजे तिचा चार वर्षांचा मुलगा, वॉशिंग मशीनच्या गोल दारात स्वतःला बघून गाल फुगवत होता. एवढ्या उकाड्यात अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट. ती बाही खाली ओढायची, तो वर सरकवायचा. सरकली की कोपराच्या खोबणीतले लाल चट्टे दिसायचे. डॉक्टरांनी मलम दिलं होतं आणि वर बजावलं होतं, कपड्यांत साबण राहिला तर मलमाचा काडीचा उपयोग नाही.

समोरून दार असलेली तीन मशिनं ओळीने उभी होती. एक पांढरं, एक करडं, एक काळ्या दाराचं.

"पांढरं घ्या मॅडम," सेल्समन म्हणाला. "सगळ्यात जास्त हेच जातं. पाणी कमी, वीज कमी, तासाभरात कपडे हातात."

"किती पाण्यांतून काढतं?"

"म्हणजे?"

"साबण लावून झाल्यावर किती वेळा खळबळतं?"

"अच्छा, रिन्स! दोनदा."

"आणि करडं?"

"तेही दोनदाच. पण ह्यात वाफेची सोय आहे."

"वाफ घेऊन काय करू? त्याला चट्टे आलेत, सर्दी नाही झालेली."

चष्मेवाली फिस्सकन हसली. सेल्समनने तिसऱ्या मशीनकडे हात केला, जरा अनिच्छेनेच. "हे चार पाण्यांतून काढतं, तसं लावलं तर. पण मग तीन तास धरून चाला. आणि किंमत..."

ती काळ्या दारासमोर गुडघ्यांवर बसलीही होती. डोकं आत घालून तिने ड्रम हाताने फिरवला. दाराच्या रबराची घडी उलटून बोट फिरवलं. साबणाचा कप्पा पूर्ण निघतो का, ते दोनदा ओढून पाहिलं.

"मॅडम, मशीन बघताय की स्थळ?"

"स्थळ बघताना एवढं बघितलं असतं तर!" ती आतूनच म्हणाली. आवाज घुमला.

या वेळी चष्मेवाली अर्धंच हसली.

ड्रममधून डोकं काढून ती तिच्याकडे वळली. मशीन लावणार चष्मेवालीच, तेव्हा तिला सगळं नीट समजायला हवं होतं. "ही पावडर बंदच कर. पातळ साबण आण आणि अर्धंच झाकण घाल. काचेतून भरपूर फेस दिसला, तर समज जास्त झालं."

"मी उलट दोन चमचे वरच घालायचे." चष्मेवालीचा चेहरा उतरला. "वाटायचं, जंतू मरतील सगळे. त्याचंच बरं व्हावं म्हणून..."

"माहितीय मला. तुझ्या मनात काही वाईट नव्हतं. आणि धुऊन झालं की दार उघडं ठेवायचं, नाहीतर कुबट वास धरतो. पण हा आसपास असताना नाही. आत डोकं घालेल."

"मग कधी ठेवू?"

"झोपला की."

"झोपतोय कुठे, ताई! खाजवत बसतो. काल तर उशीला रक्त..." चष्मेवाली मधेच थांबली.

तिने मुलाची बाही खाली ओढली. त्याने वर सरकवली.

तेवढ्यात चष्मेवालीचा फोन वाजला. ती चार पावलं लांब गेली. "हो... हो, तिन्ही मशिनांच्या किमती विचारल्या... अहो पण..." परत आली ती चष्मा पुसत.

"पांढरं घ्या म्हणाले. धुवायचं काम तर सगळीच करतात, म्हणाले."

"म्हणणारच."

"तुम्ही बोलता का त्यांच्याशी? लावून देऊ फोन?"

"मी बोलले, तर करडंसुद्धा मिळायचं नाही."

ती उठली. गुडघे झटकले. पांढऱ्या मशीनपाशी जाऊन त्याचं दार उघडलं, पुन्हा लावलं. दोन पाणी. बाहेर काढून हाताने आणखी दोनदा खळबळता येईल. पण रोज? थकल्याभागल्या माणसाने? तिने बनियनची घडी केली, उलगडली, परत घडी केली. बोलायला पुष्कळ होतं, पण हातात काहीच नव्हतं.

"बाईसाहेब, पांढरं काढायला सांगू ना मग?" सेल्समनने विचारलं.

चष्मेवालीने पर्समधून कार्ड काढलं. "नाही. काळं द्या."

"अगं, पण घरी..."

"घरचं मी बघते, ताई. ओरडतील दोन दिवस. चौथ्या पाण्याने चट्टे गेले, तर तेच सगळ्यांना सांगत फिरतील, मशीन मीच निवडलं म्हणून."

ती हसली. डोळे मात्र भरून आले, म्हणून मुलाच्या बुटाचा बंद बांधायला खाली वाकली. बंद बांधलेलाच होता.

पत्ता चष्मेवालीने लिहून दिला. उद्या दुपारी मशीन येईल, माणूस येऊन बसवून देईल. ती तेवढ्यात आठवेल ते सांगत राहिली. नवे कपडे आधी धुऊनच घालायचे. चादरी आठवड्यातून दोनदा. लोकर अंगाला लागू द्यायची नाही. चष्मेवाली प्रत्येकाला मान डोलवत होती.

बाहेर टॅक्सी उभी राहिली. तिने मुलाला उचलून घेतलं, जरा जास्तच वेळ, मग आत चष्मेवालीच्या शेजारी बसवलं.

"नव्या आईचं ऐकायचं हं," ती म्हणाली, "आणि बाबांनी पाठवलं, तर पुढच्या रविवारी भेटूच आपण."