नातीचं तोंड

उन्नती आजोबांच्या डोक्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही टकलू झालात."

कृष्णातने डोक्यावरून हात फिरवला. बायकोचे, राहीबाईचे दिवस करायला मुलगा उरला नव्हता. तिचा दहावा त्यानेच केला होता. डोक्यावरचे खुंट आता हाताला टोचत होते. नातीचं बोलणं ऐकून हसायला हवं होतं. हसू आलं नाही.

बेलापूरच्या कोर्टातली ही मुलांची खोली. भिंतीवर हत्ती रंगवलेला. समुपदेशक बाई कोपऱ्यात बसल्या होत्या. दाराशी त्याची सून मोनाली उभी होती. नातीला तो दीड वर्षाने जवळून बघत होता.

उरणच्या रस्त्यावर त्याच्या मुलाची, रणजीतची मोटारसायकल कंटेनरखाली गेली. महिन्याभराने मोनाली पोरीला घेऊन तळवलीला माहेरी गेली. मुलगा तर गेलाच, निदान त्याची पोर तरी आमच्याकडे राहू दे, असं कृष्णातचं म्हणणं होतं. एकदा तो उन्नतीला शाळेतून परस्पर घरी घेऊन आला. पोलीस येऊन तिला परत घेऊन गेले. त्यानंतर मोनालीने पोरीला त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू दिलं नाही. मग त्याने केस टाकली.

वकील म्हणाले, आजी-आजोबांना कोर्टात नात मागता येते, पण आई असताना त्यांचा हक्क थिटा पडतो. आईची चूक दाखवावी लागेल. चूक काही सापडेना. तेवढ्यात राहीबाईने अंथरूण धरलं. नातीला एकदा दवाखान्यात आणून भेटवावं, असा अर्ज वकिलांनी केला. दर वेळी मोनाली नसायचीच; तिचा वकील उठायचा आणि पुढची तारीख मागायचा. राहीबाई गेली तेव्हा अर्ज तसाच पडून होता.

आता चूक सापडली होती. आज सकाळी वकिलांनी कागद पुढे केला. सुनेने मरणाऱ्या सासूला नातीचं तोंडही दाखवलं नाही, असं त्यात होतं. या एका वाक्यावर पोरगी तुमच्या घरी येईल काका, असं ते म्हणाले. भेट झाली की त्या शपथपत्रावर सही करायची होती. कृष्णातला त्यात खोटं काही दिसलं नाही. आनंदही झाला नाही. वकिलांनी चहा दिला, तो प्यायला.

उन्नती लाकडी ठोकळे एकावर एक ठेवत होती.

"देवाघरी जाताना आजीच्या नाकातली नळी काढली ना?" तिने विचारलं.

"काढली," तो म्हणाला. मग त्याने मान वर केली. "नळी व्हती, हे तुला कुणी सांगितलं गं?"

"सांगायला कशाला पाहिजे? पट्टी सुटली होती ना, ती मीच चिकटवली. आजी म्हणाली, त्या नर्सबाईपेक्षा तुझा हात हलका आहे."

समुपदेशक बाईंनी लिहायचं थांबवलं. मोनाली पटकन आत आली आणि पोरीला गप्प बस म्हणाली. पण आता उशीर झाला होता.

कृष्णात उठून सुनेजवळ गेला. दवाखान्यात तो दिवसरात्र राहीबाईच्या खाटेशी असायचा. जेवण शेजारची गोजरा आणून द्यायची. तो कोर्टात आला की तेवढा वेळ गोजराच बसायची. मोनालीने खालमानेने सांगितलं. राहीबाईच गोजराच्या फोनवरून तिला बोलावून घ्यायची. यांना कळलं तर पोर हिसकावून घेतील, कुणाला बोलू नकोस, अशी शपथ तिने घातली होती. मोनालीने आपल्या वकिलालाही सांगितलं नव्हतं.

कृष्णातने विचारलं,

"कोर्टात का न्हाई बोललीस? तुझी केस तिथंच संपली असती की."

"केस संपली असती, तर तुम्ही आईंच्या खाटेजवळून हलला नसता, बाबा," मोनाली म्हणाली. "तुम्ही उठायचे ते फक्त तारखेला. म्हणून तर मी तारखा मागत राहिले."